महाशीर आणि गळ

विद्येचीं कांहीं अंगें शाळेच्या चार भिंतींत शिकतां येतात, आणि कांहीं नदीच्या कांठावर बसल्यावांचून कळत नाहींत. गळानें मासा धरण्याची विद्या ही दुसऱ्या प्रकारांतली होय. वरवर पाहतां ती रिकामटेकड्यांची करमणूक वाटते. परंतु एक काठी, एक दोरी व एक आंकडा एवढ्याच साहित्यावर जो मनुष्य आपल्याहून सावध अशा प्राण्याशीं सामना करूं इच्छितो, त्याला भूगोल, प्राणिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि संयम या चारहि विषयांची परीक्षा एकाच वेळीं द्यावी लागते. म्हणून यंदाच्या अंकांत आम्ही आपल्या नद्यांतील सर्वांत बाणेदार मासा जो महाशीर, त्याच्याविषयीं चार उपयोगी गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

ही विद्या परकी आहे असा समज कोणी करून घेऊं नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवावर असलेल्या, इसवी सनाच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ सांगितला आहे. आणि तेथें माशांच्या जाति, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, त्यांस आवडणारीं आमिषें व गळाचें साहित्य यांचें वर्णन आलें आहे. शुभवर्तमानांतील पेत्र आपणांस जाळें टाकणारा कोळी म्हणून परिचित आहे. परंतु मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत त्यालाच एकदां गळ टाकावयास पाठविल्याचा उल्लेख आहे. ज्याला गालीलचा समुद्र म्हणतात तें वस्तुतः गोड्या पाण्याचें सरोवर आहे, हें भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. इंग्रजी वाङ्मयांत आयझॅक वॉल्टन याचें १६५३ सालचें गळविद्येवरील पुस्तक प्रसिद्धच आहे; आणि आपल्या देशांतील माशांसंबंधानें मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनीं १८७३ सालीं ‘दि रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत महाशीराला मोठा मान दिला आहे.

१. माशाची ओळख

महाशीर हा रोहू, कटला यांच्याच कुळांतला. त्याच्या कित्येक जाति आहेत. हिमालयांतून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी महाशीर आढळतो. आपल्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांत दख्खनी महाशीर राहतो. हा दुसरा मासा शास्त्रज्ञांच्या नजरेस प्रथम आणून देण्याचा मान पुण्याच्या पाण्याकडे आहे. कर्नल साइक्स या गृहस्थांनीं दख्खनची पाहणी करीत असतां मुळा-मुठेंतील हा मासा पाहिला व १८३९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांची एक गोष्ट विशेष वाखाणण्यासारखी आहे. त्यांनीं अनेक माशांस नवीं लॅटिन नांवें न देतां येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. म्हणून दख्खनी महाशीराचें शास्त्रीय नांव ‘टोर खुद्री’ असें आहे, आणि आपली शिंगटीहि शास्त्राच्या ग्रंथांत ‘सीन्गटी’ म्हणूनच नांदते. जगांतील प्राणिशास्त्रज्ञ अशा रीतीनें कळत नकळत मराठी बोलतात!

महाशीराचे खवले मोठे असतात; पाठ हिरवट काळसर, बाजू रुपेरी-सोनेरी व पर निळसर. ओठ जाड व मांसल असून तोंडापाशीं दोन जोड मिशा असतात. जबड्यांत दांत नाहींत. म्हणून त्याच्या तोंडांत बोट घातलें तरी तो चावणार नाहीं. परंतु त्याचे दांत घशांत आहेत, आणि त्यांच्या साहाय्यानें तो खेकड्याचें कवच व शिंपल्या भरडून काढतो. आंकडा गिळला गेला तर घशांतले तेच दांत त्याला दाबून वांकवितात. त्याच्यासाठीं आंकडा जाड तारेचा लागतो तो याच कारणानें.

तो सर्वभक्षी आहे. शेवाळ, किडे, गोगलगाई, खेकडे, लहान मासे आणि झाडांवरून पडणारीं फळें या सर्वांवर त्याचा निर्वाह चालतो. कांठावरील उंबर पिकला म्हणजे फळ पाण्यांत पडतांच खालून एक सावली वर येते व पाणी फुटतें, हें नदीकांठच्या मुलांस सांगावयास नको.

त्याचें बळ केवढें असतें याची कल्पना एका उदाहरणानें येईल. १९४६ सालीं म्हैसूर संस्थानांत द वेट व्हॅन इंगेन यांनीं १२० पौंडांचा, म्हणजे सुमारें ५४ किलोंचा, महाशीर गळानें धरला. आपल्या लहान नद्यांत एवढा मासा मिळण्याची आशा कोणी करूं नये. परंतु चार-पांच किलोंचा महाशीरहि प्रथम गळ लागतांच अशी धांव घेतो कीं नवशिक्याच्या हातची काठी सुटावी.

२. नदी वाचणें

गळ टाकण्यापूर्वीं नदी वाचावी. जो कोठेंहि बसून कोठेंहि गळ टाकतो तो दैवावर विसंबतो; जो आधीं अर्धा तास नुसता पाहतो तो अर्धें काम करून चुकतो.

महाशीराला वाहतें, स्वच्छ व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. पाणी जितकें गार तितका त्यांत प्राणवायु अधिक विरघळतो: २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत एका लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यांत सुमारें साडेसात. खडकांवर आपटून फेंसाळणारें पाणी हवा अधिक घेतें. म्हणून ऊन वाढलें कीं मासा खळाळाच्या तोंडाशीं येतो. परंतु सतत धारेशीं झुंजत राहणें त्यालाहि परवडत नाहीं. तेव्हां तो अशी जागा निवडतो कीं जेथें विश्रांति एका हाताला व जेवण दुसऱ्या हाताला असावें. अशा जागा पुढीलप्रमाणें ओळखाव्या:

(अ) खळाळ संपून डोह सुरू होतो ती मान. वरच्या धारेनें वाहून आलेलें अन्न येथें मंद होतें.

(आ) मोठ्या खडकाच्या मागची व पुढची बाजू. खडकाच्या मागें पाणी उलटें फिरून भोंवरा होतो. पुढें पाण्याची एक मऊ उशी तयार होते. दोहोंतहि मासा बसतो.

(इ) जलद धार व स्थिर पाणी यांच्यामधली रेषा. पृष्ठभागावर फेंसाची किंवा पानांची माळ दिसते ती हीच.

(ई) डोहाचें शेपूट, म्हणजे जेथें खोल पाणी पुन्हां उथळ होऊं लागतें. संध्याकाळीं मासे येथें चरावयास येतात.

(उ) उंबर, जांभूळ, करंज यांच्या फांद्या पाण्यावर आल्या असतील ती जागा.

पाण्याचा रंग पाहावा. हात कोपरापर्यंत बुडवून तळवा स्पष्ट दिसला तर पाणी निवळलें आहे असें समजावें. पावसाळा संपून पाणी निवळलें म्हणजे या कामास योग्य दिवस येतात. सकाळीं उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत व दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत मासा चरतो. भर दुपारीं तो खोल डोहांत स्वस्थ असतो. आषाढ-श्रावणांत गळ टाकूं नये. त्या वेळीं पूर येतांच महाशीर वरच्या गोट्यांच्या पात्राकडे चढून अंडीं घालतो. रोहूची मादी लाखांनीं अंडीं घालते. महाशीराचीं अंडीं त्या मानानें फार थोडीं असतात, आणि त्यांतून पिलें बाहेर पडण्यास सुमारें तीन दिवस लागतात. अंड्यावर आलेली एक मादी मारणें म्हणजे पेरणीच्या वेळीं बियाणें खाणें होय.

३. माशाला काय दिसतें व काय कळतें

पदार्थविज्ञानांत आपण प्रकाशाचें वक्रीभवन शिकतों. पाण्याच्या पेल्यांत तिरपा चमचा मोडल्यासारखा दिसतो, तोच नियम येथें उपयोगी पडतो. पाण्यांतून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचें सगळें जग डोक्यावरील एका वाटोळ्या खिडकींतून दिसतें. त्या खिडकीचा कोन सुमारें ९७ अंशांचा असतो. तिच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा होतो व त्यांत तळाचें प्रतिबिंब पडतें. कांठावर सरळ उभा असलेला मनुष्य त्या खिडकीच्या कडेशीं दिसतो. मनुष्य खालीं बसला किंवा मागें सरकला म्हणजे तो कडेला इतका चेपला जातो कीं ओळखूं येत नाहीं. म्हणून गळ टाकणारानें बसून राहावें, मळकट रंगाचे कपडे घालावे, आणि आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये. आणखी एक गोष्ट: वक्रीभवनामुळें मासा आपणांस खऱ्या जागेपेक्षां वर दिसतो, तो दिसतो त्याहून खोल असतो.

माशाला बाहेरचे कान नाहींत. तरी त्याला बहिरा समजूं नये. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस कल्ल्यापासून शेपटापर्यंत एक बारीक रेषा असते. तिच्यांतील सूक्ष्म इंद्रियांनीं त्याला पाण्याची हालचाल जाणवते, आणि आंतल्या कानानें ध्वनि कळतो. कांठावरचें बोलणें त्याला फारसें ऐकूं येत नाहीं. परंतु दगडावर आपटलेलें पाऊल तात्काळ कळतें. मित्राशीं हळू बोलावें, पण धांवूं नये.

४. साहित्य

नवशिक्यानें भारी साहित्य घेऊन मिरवूं नये. आठ-नऊ फुटांची लवचिक काठी, दोरी गुंडाळण्याचें एक चांगलें चाक, सुमारें शंभर मीटर नायलॉनची दोरी, जाड तारेचे आंकडे, भोंक पाडलेल्या शिशाच्या गोळ्या व एक लांब चिमटा एवढें पुरे. पूर्वीं आंकड्यालगतची दोरी रेशमाच्या किड्याच्या शरीरांतील द्रवाचा ताणून केलेला तंतु असे. १९३८ सालीं नायलॉन जाहीर झाल्यानंतर तो प्रकार हळूहळू मागें पडला.

दोरी किती वजन पेलते हें तिच्या वेष्टणावर लिहिलेलें असतें. परंतु गांठ पडली कीं तें बळ कमी होतें. म्हणून गांठ ओढण्यापूर्वीं ती ओली करावी. कोरडी गांठ घर्षणानें तापून दोरीला दुखापत करते. विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंतील स्प्रिंगच्या काट्याला दोरी बांधून हळूहळू ताण द्यावा व ती किती वजनाला तुटते तें स्वतः पाहावें. डोळ्यांवर चष्मा लावूनच हा प्रयोग करावा. कोरडी व ओली अशा दोन गांठी करून पाहिल्या म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

चाकाला अटकाव लावण्याची एक कळ असते. ती दोरीच्या बळाच्या चौथाईपासून तिसऱ्या हिश्शापर्यंत लावावी. दोरी आठ किलो पेलणारी असेल तर दोन-अडीच किलोंचा ताण येतांच चाक फिरून दोरी सुटली पाहिजे. जो कळ घट्ट आवळून ठेवतो त्याची दोरी पहिल्याच धांवेंत तुटते, आणि मासा तोंडांत आंकडा घेऊन जातो. हें दुहेरी नुकसान होय.

आंकड्याला जो उलटा कांटा असतो तो चिमट्यानें दाबून सपाट करावा. असें केल्यानें मासा सुटेल अशी भीति पुष्कळांस वाटते. परंतु दोरी सतत ताणलेली ठेवली तर तो सहसा सुटत नाहीं. उलट आंकडा काढतांना माशाला इजा होत नाहीं, आणि चुकून आपल्याच बोटांत गेला तरी सहज निघतो. हें दुसरें कारण पालकांस अधिक पटेल.

५. आमिष

नाचणीच्या पिठाचा गोळा हें महाशीराचें दक्षिणेंतील प्रसिद्ध आमिष आहे. पीठ थोड्या पाण्यांत घट्ट मळून गोळे करावे. ते उकळत्या पाण्यांत चांगले शिजवावे. बाहेर काढून गरम असतांनाच पुन्हां मळावे. त्यांत थोडी कुटलेली बडीशेप घातल्यास वास लांबवर जातो. गोळा इतका चिवट झाला पाहिजे कीं आंकड्यावर बसवून धारेंत टाकला तरी सुटूं नये, आणि इतका मऊ असला पाहिजे कीं ओढ लागतांच आंकडा त्यांतून बाहेर यावा. आकार लिंबाएवढा किंवा त्याहून लहान. नाचणी न मिळाल्यास कणीक किंवा ज्वारीचें पीठहि चालतें.

याखेरीज गांडूळ, लहान खेकडा व पिकलेलें उंबर हीं नैसर्गिक आमिषें होत. जलद धारेंत चमच्याच्या आकाराचा चकाकणारा पत्रा ओढला तर लहान मासा पळतो आहे असें वाटून महाशीर त्यावर झडप घालतो. कोणतें आमिष केव्हां वापरावें यास एकच नियम: त्या ठिकाणीं, त्या ऋतूंत मासा जें खात असेल तेंच द्यावें. तो काय खातो हें ठाऊक नसेल तर त्या कांठच्या भोई मंडळीस नम्रपणें विचारावें. पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर ज्यांचें पोट आहे त्यांच्यापाशीं जें ज्ञान आहे तें पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं. त्यांची जाळीं ओलांडूं नयेत, आणि त्यांच्या उपजीविकेच्या आड आपली करमणूक येऊं देऊं नये.

६. गळ टाकणें व झुंज

धारेच्या वरच्या अंगास बसून गळ आडवा टाकावा व आमिष प्रवाहाबरोबर वाहत डोहाच्या तोंडाशीं जाऊं द्यावें. शिसें इतकेंच असावें कीं आमिष तळाला टेकेल. जास्त झाल्यास तें खडकांत अडकतें. दोरी बोटावर हलकी धरावी. लहान मासे टोंचतात तेव्हां बारीक थरथर लागते. तिकडे लक्ष देऊं नये. महाशीर पिठाचा गोळा प्रथम चांचपतो, मग तोंडांत धरून वळतो. तेव्हां दोरी एकाएकीं निश्चयानें ओढली जाते. त्याच क्षणीं काठी उचलावी. झटका जोराचा नको. मनगटाचा उठाव पुरे. चकाकत्या पत्र्यावर आलेला मासा तर बहुधा आपण होऊनच अडकतो.

यानंतर पहिली धांव. या वेळीं कांहींएक करूं नये. फक्त काठी उंच धरावी आणि चाक फिरूं द्यावें. दोरी हातांनीं पकडूं नये, बोटें कापतील. मासा थांबला कीं काठी हळू मागें घ्यावी, मग पुढें झुकवीत दोरी गुंडाळावी. पुन्हां मागें, पुन्हां पुढें. तो पळाला तर जाऊं द्यावें. तो थांबला तर आपण थांबूं नये. मासा खडकाकडे वळूं लागल्यास काठी उलट बाजूस आडवी करावी. समोरून ओढण्यापेक्षां बाजूनें ओढल्यास तो लवकर वळतो. कोणत्याहि क्षणीं दोरी सैल पडतां कामा नये.

या झुंजींत घाई करणारा हरतो, आणि उगाच लांबविणाराहि चुकतो. कारण फार वेळ थकविलेला मासा सोडला तरी जगत नाहीं. बळ बेताचें, पण अखंड, हा नियम येथें लागू आहे. आणि अभ्यासालाहि तोच लागू आहे, हें परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणाऱ्यांस सांगावयास नको.

७. परत सोडणें

महाशीर धरला तर तो परत सोडावा असें आमचें स्पष्ट मत आहे. जेवणासाठीं तळ्यांत वाढविलेले रोहू-कटला बाजारांत मिळतात. महाशीर सावकाश वाढतो, थोडीं अंडीं घालतो, आणि बांधांनीं त्याचे वर जाण्याचे मार्ग अडविले आहेत. त्यास सोडण्याची रीत अशी:

हात आधीं पाण्यांत भिजवावे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो तो त्याचें रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हातानें तो निघून जातो. शक्यतों मासा पाण्यांतच ठेवून चिमट्यानें आंकडा काढावा. कल्ल्यांत बोटें घालूं नयेत. तीं त्याचीं फुप्फुसें आहेत असें समजावें. पाण्याबाहेर काढावयाचेंच असेल तर त्या वेळीं आपलाहि श्वास रोखून धरावा. आपणांस श्वास घ्यावासा वाटला कीं मासा पाण्यांत गेला पाहिजे. मग त्याचें तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनीं हलका आधार द्यावा. कल्ले नीट उघडझांप करूं लागले व शेपटानें जोर केला म्हणजे हात आपोआप रिकामे होतील. वैशाखाच्या भर उन्हांत, पाणी कोमट व कमी असतांना, गळ मुळींच टाकूं नये. त्या वेळीं सोडलेला मासाहि दगावतो.

८. कांहीं कडक नियम

देहूजवळ इंद्रायणींत, महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडींत आणि वाड्याजवळ वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें देवस्थानच्या डोहांतील मासे भाविकांनीं पिढ्यान् पिढ्या राखले आहेत. यात्रेकरू तेथें त्यांना मारीत नाहींत, चारा घालतात. आपला धर्म कोणताहि असो, जेथें शेजाऱ्याच्या श्रद्धेनें एखादा जीव वांचला आहे तेथें गळ काढणें हा उद्धटपणा होय. महाशीर डोळे भरून पाहावयाचा असेल तर या डोहांसारखी दुसरी शाळा नाहीं. संरक्षित अरण्यांतील पाण्यांत, तसेंच दुसऱ्याच्या हक्काच्या तलावांत परवानगीवांचून जाऊं नये.

सुरुंगाची दारू किंवा विष पाण्यांत टाकून मासे मारणें १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेंच अपराध ठरविलें आहे. सुरुंगाच्या एका धडाक्यांत डोहांतले अंड्या-पिलांसह सर्व जीव मरतात, आणि हात तुटलेले मनुष्यहि कांठावर राहतात. असें कोणी करतांना दिसल्यास जवळ जाऊं नये. वडील माणसांस सांगावें.

पालकांस विनंति कीं मुलांस एकटें नदीवर पाठवूं नये. पोहतां येणारें एक जाणतें माणूस बरोबर असावें. धरणाच्या खालच्या पात्रांत भोंगा वाजतांच सामान टाकून वर यावें. पाणी अचानक सोडलें जातें. शेवाळलेल्या खडकावर उभें राहूं नये, विजेच्या तारांखालीं काठी उंच करूं नये, आणि तुटलेली दोरी कांठावर टाकूं नये. तिच्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात.

९. वही

आतां शेवटची व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची वस्तु. ती म्हणजे एक वही. प्रत्येक खेपेस तींत तारीख, जागा, किती तास बसलों, पाण्याचा रंग व उष्णता, आमिष, आणि मिळालेल्या प्रत्येक माशाची जात व लांबी लिहावी. कांहींच मिळालें नाहीं तर तेंहि लिहावें. दहा तासांत दोन मासे आणि चाळीस तासांत दोन मासे यांत किती फरक आहे हें त्रैराशिक शिकलेल्या मुलास सांगावें लागणार नाहीं. तास लिहिले नाहींत तर तो फरक कधींच कळत नाहीं.

या वहीचें मोल काय, हें कावेरी नदीनें दाखवून दिलें आहे. तेथें पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा एक प्रचंड महाशीर राहतो. तो कावेरीच्या पाण्याखेरीज अन्यत्र नाहीं. इकडे लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें आपल्या दख्खनी महाशीराची पैदास करण्याचें केंद्र १९७० च्या सुमारास चालू केलें. धरणांनीं मासा कमी होऊं लागला असतां त्याचीं पिलें वाढवून पाण्यांत सोडावीं हा हेतु उत्तम होता, आणि तें कार्य कौतुकास पात्र झालें. परंतु या निळसर परांच्या माशाचीं पिलें त्याच्या घरच्या नद्यांपुरतीं राहिलीं नाहींत. तीं कावेरींतहि सोडलीं गेलीं. महाशीर वाढत आहेत असें पाहून सर्वांस समाधान वाटलें.

मग वह्या उघडल्या गेल्या. कावेरीच्या कांठीं गळ टाकून मासे परत सोडणाऱ्या लोकांनीं १९९८ ते २०१२ पर्यंत सहा हजारांहून अधिक महाशीरांची नोंद, लागलेल्या तासांसह, ठेविली होती. शास्त्रज्ञांनीं ती तपासली, आणि २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकूण मासे वाढले होते हें खरें. पण वाढले ते बाहेरून आलेले. नदीचा मूळचा उंच पाठीचा मासा झपाट्यानें नाहींसा होत होता, आणि त्याचीं लहान पिलें जवळजवळ दिसेनाशीं झालीं होतीं. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याला निश्चित शास्त्रीय नांवहि जोडलेलें नव्हतें. तें २०१८ सालीं ‘टोर रेमादेवी’ असें ठरलें, आणि त्याच वर्षीं जागतिक यादींत त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदीं कडेवर असलेल्या जातींत झाली.

यावरून दोन बोध घ्यावे. पहिला हा कीं, एका नदीचें भूषण दुसऱ्या नदीला भार होऊं शकतें. चांगल्या हेतूला ज्ञानाची जोड नसेल तर उपकारहि अपकार होतो. म्हणून घरच्या कांचेच्या टाकींतला किंवा बाजारांतून आणलेला मासा दया म्हणून सुद्धां नदींत सोडूं नये. दुसरा हा कीं, ही हानि ज्या कागदांनीं उघडकीस आली ते प्रयोगशाळेंत लिहिलेले नव्हते. ते नदीकांठीं, ओल्या हातांनीं, करमणुकीसाठीं आलेल्या माणसांनीं लिहिले होते. त्यांनीं फक्त मोठ्या माशांच्या बढाया लिहिल्या असत्या तर आज कोणाला कांहीं कळलें नसतें.

आपल्या मुळा-मुठेंत साइक्स साहेबांनीं जो मासा पाहिला त्याचें आजचें वर्तमान काय, हें सांगण्यासाठीं अशा वह्या पाहिजेत. शहरांचें सांडपाणी नद्यांत उतरत आहे. इंद्रायणीवर आळंदीस फेंस तरंगतो तो सर्वांनीं पाहिला आहे, आणि तो खळाळाचा फेंस नव्हे. कोणत्या डोहांत मासा आहे व कोणत्या डोहांतून तो गेला, हें जो लिहून ठेवील त्याचें म्हणणें उद्यां कोणीतरी ऐकेल. गळ नसला तरी चालेल. नुसतें कांठावर बसून पाहणाऱ्या मुलालाहि ही वही लिहितां येईल. येत्या दिवाळीच्या सुटींत आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें आपल्या गांवच्या नदीवर चार सकाळी बसून चार पानें भरावीं. मासा किती किलोंचा मिळाला हें आम्ही विचारणार नाहीं. नदीविषयीं काय कळलें एवढेंच विचारूं.